देवरे सरांचा कासरा

आमच्या पाचव्या गल्लीत ‘नाही’ हा शब्द फक्त अक्कांकडे मिळायचा. त्यांचे यजमान देवरे सर यांच्याकडे तो माल कधी आलाच नव्हता.

सर धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. खाली ते आणि अक्का, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी आणि शैला. मी पाटबंधारे खात्यात कारकून, लग्न नवीन, अक्कल त्याहून नवीन. त्या खोल्या सरांनी आमच्यासकट तिघांना कबूल केल्या होत्या. तिघेही एकाच रविवारी सामान घेऊन हजर झालो. सर दारात उभे राहून तिघांकडे बघून सारख्याच प्रेमाने हसत होते. शेवटी अक्का बाहेर आल्या, सगळ्यांना चहा दिला आणि कप रिकामे होईपर्यंत दोघांना नाही म्हणून मोकळ्या झाल्या. आपली निवड झाली त्यात माझ्या व्यक्तिमत्त्वाचा वाटा किती, असं मी पुढे एकदा अक्कांना विचारलं.

“तुमच्या बायकोनं कप विसळून पालथा घातला,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही नुसता पालथा घातला होता. बशीत चहा होता.”

सरांकडे कोणीही यावं आणि काहीही मागावं. गल्लीतल्या दोन गणपती मंडळांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं आणि सर दोन्हींचे अध्यक्ष होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ते अर्धा रस्ता एका गणपतीपुढे चालायचे, मग बोळातून पळत जाऊन दुसऱ्यापुढे. समोरच्या घरातले एक गृहस्थ ‘दोन दिवस सांभाळा’ म्हणून पोपट ठेवून गेले, ते नंदुरबारला बदलून जाऊन तिथेच घर बांधून बसले. पोपट सरांकडे म्हातारा झाला. वर्गणीवाले आले की अक्का दारात जाऊन सांगायच्या, “सर घरी नाहीत.” तेवढ्यात आतून सर लगबगीने बाहेर यायचे आणि आलेल्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतः खुलासा करायचे, “खरंच हो, मी घरी नाहीये. या ना, चहा घ्या.”

दिसायला उंच, थोडे पुढे वाकलेले. कुणाचंही बोलणं ऐकायला मान खाली आणून आणून ती तशीच राहिली असावी. बुशशर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, सर बारीक चिमटा लावायचे. अंगाला कायम स्पिरिटचा वास. आणि ऐकणारा भेटला की विषय एकच, मेंदू आणि त्याच्या खाली लोंबणारी हरभऱ्याएवढी पिट्यूटरी. ऐकणारा बहुधा मी असायचो, कारण नाही म्हणणं मलाही जमत नसे. फरक इतकाच की सरांना ते प्रेमापोटी जमत नव्हतं आणि मला भीतीपोटी.

या विषयाचा पहिला धडा मी लळिंगच्या उतारावर, लुनाच्या मागच्या सीटवर घेतला. तिकडे एका शेतकऱ्याचं मासे सोडलेलं तळं होतं. तळं बघून परत येताना उतार लागला की सर लुनाचं इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं म्हणून नव्हे, शास्त्र कळतं म्हणून. शेजारून आग्रा रोडचे ट्रक धडधडत जात, लुना नुसत्या वजनावर सुटलेली, मी डोळे मिटलेले.

“डोळे उघडा, पाटबंधारे!” सर मला माझ्या खात्याच्याच नावाने हाक मारत. आणि हे ते मागे वळून म्हणत. उतारावर. “सांगा, आता गाडी कशानं चाललीय?”

“देवाच्या दयेनं.”

“उतारानं! हिला पळ म्हणून कुणीही सांगत नाहीये. मग माझं काम काय? धरून ठेवणं. हा ब्रेक सोडला की संपलं.”

“सोडू नका सर.”

“नाही सोडत. तेच सांगतोय. मेंदूसुद्धा सोडत नाही.”

मग गावात पोचेपर्यंत ते सांगत राहिले. पिट्यूटरी म्हणजे शरीराचं पाणी सोडायचं ठाणं. वाढ, अंडी, दूध, सगळ्यांचे स्राव तिथून सुटतात. पण ती आपल्या मनाने काही सोडत नाही. वर मेंदू बसलेला आहे, तो थेंबाथेंबाने रासायनिक निरोप खाली पाठवतो. काही निरोप म्हणतात ‘चल’, काही म्हणतात ‘थांब’. लोकांना वाटतं मेंदू म्हणजे नुसता हुकूम सोडणारा साहेब. पण त्याचं निम्मं काम थांबवण्याचंच आहे. “एका बैलाला चाबूक लागतो, पाटबंधारे, एकाला कासरा. हाकणाऱ्याला दोन्ही हात पाहिजेत.”

हे सगळं अक्कांनी फाटक उघडता उघडता ऐकलं आणि म्हणाल्या, “यांना एकच हात आहे. कासरा माझ्याकडे आहे.”

सरांना एकच ध्यास होता. तळ्यातले रोहू-कटला तळ्यात अंडी देत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचं पुराचं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते नुसते खातात, वाढतात आणि सरकारी नोकरांसारखे निवृत्तीची वाट बघतात. हे शेवटचं वाक्य सरांचं नाही, माझ्याकडे बघून अक्कांनी जोडलेलं आहे. त्यामुळे शेतकऱ्यांना माशांची पिल्लं लांबून, पिशव्यांतून आणावी लागत आणि धुळ्याच्या उन्हात निम्मी वाटेतच मरत. ती पिल्लं इथेच निघावीत म्हणून सर कॉलेजच्या मागच्या सिमेंटच्या हौदात खटाटोप करायचे. त्या काळची रीत अशी की एका माशाच्या डोक्यातली पिट्यूटरी काढायची, वाटायची, आणि तिचं पाणी दुसऱ्या जिवंत माशाला टोचायचं. मग तो अंड्यावर येतो.

त्यासाठी सर सकाळी मासळीबाजारात जात. घरात कांदासुद्धा चतुर्थीला वर्ज्य, आणि हा माणूस भोयांच्या ओट्यांपुढे वाकून विचारतोय, “सखूबाई, आज मुंड्या आहेत का?” कवटीचं झाकण उडवायचं, मेंदू बाजूला सारायचा, खालच्या खळगीतला पांढरा दाणा चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. हे सगळं बाजारातच, उकिडवं बसून. सखूबाईला दाण्याशी देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच दिसे की मास्तर मुंड्या मागतो. एक दिवस भाजीबाजारात तिने अक्कांना गाठलं.

“अक्का, तुमना घरमा मुंडीनं कालवण भलतं आवडस का वं? मास्तर रोज मुंड्या मांगस.”

शेजारी अक्कांच्या भजनी मंडळातल्या दोघी उभ्या होत्या. अक्कांनी वांगी निवडता निवडता सांगितलं, “त्यांना नाही गं. आमच्या पोपटाला.”

मग सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत लागला. त्याने बर्फाच्या थर्मासमधून एक कुपी पाठवली. मेंदूचा तो ‘चल’ हा निरोपच आता कारखान्यात बनत होता. म्हणजे मुंड्या फोडायला नकोत, थेट निरोप टोचायचा. सरांनी टोचला. हौदात अक्कांची मच्छरदाणी चौकोनी बांधून तिच्यात जोड्या सोडल्या. सकाळी आम्ही गेलो तर मासे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही माशांकडे. अंडं एक नाही.

सर आठवडाभर गप्प होते. पोपटसुद्धा त्यांच्याकडे बघून गप्प झाला. मग एका दुपारी ते जिना चढून धापा टाकत वर आले.

“पाटबंधारे, मी गाढव आहे.”

नाही म्हणता येत नसल्यामुळे मी गप्प राहिलो.

“मी चाबूक मारतोय आणि वर मेंदू कासरा ओढून बसलाय! या माशांमध्ये डोपामिन म्हणून एक निरोप आहे, तो सारखा थांब-थांब म्हणतो. तो ढिला केल्याशिवाय ‘चल’ला कोण विचारतो?”

तो ढिला करणारं औषध कुठे मिळणार? तर गल्लीच्या तोंडाशी, चंदूशेठच्या मेडिकलमध्ये. ओकारी थांबवायची एक साधी गोळी असते. ती काम करते ते या डोपामिनची वाट अडवूनच. सरांनी गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं आणली आणि अक्कांच्या वेलदोड्याच्या खलबत्त्यात कुटायला घेतली.

आता एवढी गोष्ट गल्लीला कोण समजावणार? गल्लीने आपल्या परीने शास्त्र लावलं. देवरे सर रोज ओकारीच्या गोळ्या नेतात. सरांना तर काही होत नाही. मग कोणाला होतं? हळूहळू अक्कांकडे बायका येऊ लागल्या. कोणी चिंचा आणल्या, कोणी कैरीचं लोणचं, भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी तर डोक्यावरून हात फिरवून “देवाची करणी” असं म्हटलं. अक्कांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा त्यांचा आवाज आमच्या वरच्या मजल्यावर भांडी हलवून गेला.

“माझा पोरगा नाशकात इंजिनियर व्हायला आलाय आणि मला चिंचा? अहो, ऐकता का! ते खलबत्त्यातलं काय असेल ते आधी दारावर पाटी लावून सांगा!”

“हो, हो, लावतो,” सर म्हणाले आणि कुटत राहिले.

या वेळी ‘चल’बरोबर कुटलेली गोळी गाळून टोचली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला, शैलाला आणि अक्कांना हौदावर नेलं. मच्छरदाणीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, ओंजळी भरभरून. आत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका हलत होता. सर हौदाच्या कठड्यावर बसले, चिमटा खिशातून काढला, परत ठेवला, चष्मा पुसला. म्हणाले, “कासरा सोडला, बघा.” अक्कांनी बराच वेळ पाण्यात बघितलं. मग म्हणाल्या, “मच्छरदाणी गेली ना माझी?” पण आवाज मऊ होता. त्या दिवशी चतुर्थी होती, साबुदाण्याची खिचडी मात्र कोणाच्याच घशाखाली उतरली नाही.

या यशाचा एक परिणाम असा झाला की चंदूशेठने ती गोळी भरून ठेवली आणि आख्खी गल्ली ती खायला लागली. मळमळलं, घे गोळी. एस.टी.त बसायचंय, घे गोळी. एकाला लागू पडली की ती दुसऱ्याची झालीच. आमच्याही घरात ती होती, फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी. आणि हिंगाला जसं कोणी औषध म्हणत नाही, तसं तिलाही म्हणत नव्हतं.

आता उज्ज्वलाबद्दल सांगायला हवं. ही शैलाची धाकटी बहीण. माहेर फैजपूरजवळच्या खेड्यातलं, वडील केळीचे बागाईतदार. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांच्या घराण्यात कॉलेज बघितलेली ही पहिली मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा हट्ट करून ती आमच्याकडे धुळ्याला आली आणि सरांच्या वर्गात बसली. हुशार होती, चित्रं तर अशी काढायची की बेडूक वहीतून उडी मारेल. तिला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. अडचण एकच, मेलेले बेडूक ठेवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाने तिला उमळून यायचं. म्हणून शेवटच्या वर्षाला ती प्रात्यक्षिकाच्या आधी हिंगाशेजारची गोळी घ्यायला लागली. मग सकाळची एक. मग जेवणानंतर एक, खबरदारी म्हणून. आम्हाला कौतुक, की पोरीला आता मळमळत नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शैलाने मला दार लावून सांगितलं. उज्ज्वलाला कित्येक महिने पाळी नाही. आणि आता अंगावर दूध येतंय. ब्लाउज ओले होतात म्हणून पोरगी दप्तर छातीशी धरून फिरते.

ऐकून मी गंभीरपणे वर्तमानपत्र वाचू लागलो. ते उलटं आहे हे शैलाने काढून घेतलं तेव्हा कळलं.

शैलाने तिला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी तपासलं, लघवी तपासली, आणि आधी शैलाच्या मनातली भीती काढून टाकली. दिवस वगैरे काही गेलेले नाहीत. मग विचारलं, “काही औषधं चालू आहेत का?” दोघी एका सुरात म्हणाल्या, “नाही.” खोटं कोणीच बोललं नाही. हिंग का औषध असतं? तेव्हा बाईंनी सांगितलं, मेंदूच्या खालच्या ग्रंथीपाशी एखादी गाठ असली तरी असं होतं. मुंबईला जाऊन फोटो काढून घ्या.

गाठ हा शब्द घरात आला आणि जेवणं गेली. त्यात शैलाच्या मावशीला कळलं. मावशीला कळणं म्हणजे यावल तालुक्याला कळणं. दोनच दिवसांत आबा एस.टी.तून उतरले. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर केळीचा घड. घड खाली ठेवला आणि म्हणाले, “पोरीले घिऊन चाललो.”

त्यांनी मुलीवर संशय घेतला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. पण गावाचं तोंड त्यांना माहीत होतं. रावेरकडचं एक स्थळ चालून आलं होतं, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मुंबईला दाखवायचं, आणि बरं असेल तर बोभाटा व्हायच्या आत लग्न उरकायचं. “कॉलेज बस झालं. बिनलग्नाच्या पोरीच्या अंगावर दूध, कोनाकोनाले सांगत फिरू मी?”

उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून वह्या पिशवीत भरू लागली. परीक्षा चार महिन्यांवर होती, आणि एकदा गेली की ती परत येणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. शैला माझ्याकडे बघत होती. घरात मी एकटा जावई, आबा माझा मान ठेवायचे, माझं ऐकलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “केळी फार छान आहेत.”

आबांची रीत अशी की गुरुजींच्या कानावर घातल्याशिवाय पोरीला शाळेतून काढायचं नाही. त्यांनी हो म्हटलं की निघायचं. शैलाने हे ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. सर आणि हो न म्हणणार!

आम्ही सगळे खाली गेलो. सर आरामखुर्चीतून उठले, आबांना खुर्ची दिली, मान खाली आणली.

“गुरुजी, पोरीले घरी नेतो म्हनतो. तब्येत बरी नही तिची. तुमची परवानगी असू द्या.”

“हो, हो,” सरांची मान हलायला लागली. “तब्येत आधी. हो. काय होतंय तिला?”

आबा खाली बघू लागले. मी छताकडे. शेवटी अक्कांनी स्वयंपाकघराच्या दारातून, जशा त्या वांग्याचा भाव सांगतात तशा आवाजात सांगून टाकलं. “पाळी बंद आहे आणि अंगावर दूध येतंय. तपासलंय, तसलं काही नाही.”

सरांची मान हलायची थांबली.

“उज्ज्वला,” ते म्हणाले, “तुला प्रात्यक्षिकाला मळमळायचं. हल्ली नाही मळमळत?”

“नाही सर. गोळी घेते ना.”

“कुठली गोळी?”

त्या दिवशी मी केलेलं एकमेव काम म्हणजे जिना चढून हिंगाशेजारचं पाकीट आणून सरांच्या हातात ठेवणं. सरांनी ते उलटसुलट केलं. मग उज्ज्वलाकडे असे बघत राहिले, जसे त्या दिवशी अंडी नसलेल्या हौदाकडे बघत होते.

“किती महिने?”

“जूनपासून, सर.”

“रोज?”

“तीन वेळा.” आणि मग तिचेच डोळे मोठे झाले. “सर, पण ही तर माशांची…”

“तुला काय वाटलं, मेंदू फक्त माशांना असतो?”

आबांना यातलं काही लागलं नाही. ते उठले. “बरं गुरुजी, मंग निघतो आम्ही. साडेतीनची गाडी हाये.”

“नाही,” सर म्हणाले.

आत अक्कांच्या हातून सांडशी पडली. पोपट ओरडला. मला आठवतंय, सर स्वतःही जरा दचकले, जणू दुसरंच कोणी बोललं.

“नही म्हंजे?” आबा म्हणाले. त्यांच्या वयात त्यांना हे कोणी ऐकवलं नसावं. “मह्या पोरीले मी नेऊ नही?”

“नाही. आज नाही. तिचं कॉलेज सुटणार नाही आणि लग्न तर मुळीच नाही.” सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “आबा, बसा. तुमच्या गाडीचे बैल कसे आहेत?”

“बैल?” आबा चक्रावून बसले. “एक मठ्ठ हाये. टोचल्याबिगर पाय उचलत नही. दुसरा सर्जा. त्याले हाकाच लागत नही. सुटला तं थेट रावेरले जाईन.”

“मग त्याला काय लागतं?”

“कासरा लागते त्याले. खेचूनच धरा लागते.”

“बस! आपल्या डोक्यात असेच बैल आहेत. बाकीचे सगळे मठ्ठ, मेंदू टोचतो तेव्हा चालतात. पण दुधाचा जो बैल आहे ना, तो सर्जा आहे. त्याला चल म्हणावं लागत नाही. मेंदू जन्मभर त्याचा कासरा धरून बसलेला असतो, बाळंतपण झालं की मगच ढिला करतो. तो सुटला की दूध येतं आणि पाळी थांबते.” सरांनी पाकीट वर धरलं. “या गोळीनं मेंदूच्या हातातला कासरा सोडवला. माशांमध्ये तो कासरा अंड्यांवर असतो, माणसात दुधावर. पोरीचा दोष नाही. बहुतेक गाठही नाही.”

“बहुतेक?” आबांनी नेमका तोच शब्द पकडला.

सरांनी पाकीट खाली ठेवलं. हो म्हणून टाकणं त्यांच्या हातचं होतं. “शंभर टक्के मी सांगणार नाही. मी माशांचा मास्तर. उद्या आपण सगळे डॉक्टरबाईंकडे जाऊ, त्या म्हणतील तसं करू. गोळी आत्तापासून बंद.”

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, पाकीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, सरांचं बरोबर वाटतंय. महिना-दीड महिना वाट बघू. नाहीच बदललं तर मात्र मुंबई, उशीर नको.

अक्कांनी आबांना ठेवून घेतलं. केळी संपली, दुसरा घड आला. त्या दिवसांत सगळ्यात जास्त हाल सरांचे झाले. आयुष्यात एकदा नाही म्हटलं, ते पचत नव्हतं. विचारायचं तर पोरीचं नाजूक प्रकरण, म्हणून ते अंगणात येऊन नुसते आमच्या गॅलरीकडे बघायचे आणि पोपटाशी बोलायचे. एकदा लळिंगहून येताना उतार लागला तरी त्यांनी इंजिन बंद केलं नाही.

“चुकलो असलो तर, पाटबंधारे?” ते समोर बघत म्हणाले. “गाठ असली आणि मी महिना घालवला असला तर?”

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. “तुम्ही समोर बघता आहात सर,” मी म्हणालो, “ते बरं वाटतं.”

आधी दूध थांबलं. शैलाने अक्कांना सांगितलं, अक्कांनी सरांना, आणि सरांनी त्या दिवशी दोन्ही मंडळांना गणपतीची वर्गणी देऊन टाकली. तेव्हा हिवाळा होता. पण दुसरं काही अजून झालं नव्हतं, आणि आबा परत टोपी झटकून गाड्यांच्या वेळा विचारू लागले होते.

आबांच्या घरात पाळीचे दिवस कडक पाळत. बाई बाजूला बसायची, तिची चटई वेगळी, ताट वेगळं. तिच्या हातचं पाणीसुद्धा आबा घेत नसत. ते आमच्याकडे असले की शैलाही ते सांभाळायची. एका सकाळी आबा आंघोळ करून आले तर उज्ज्वला गॅलरीत, कोपऱ्यात, वेगळ्या चटईवर बसलेली. मांडीवर वही, आणि हसू लपत नव्हतं.

आबांनी बघितलं. मग ते तसेच, ओल्या धोतराने, जिना उतरून अंगणात गेले आणि आख्ख्या पाचव्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “गुरुजी! पोरगी बाहेर बसली!”

गल्लीतल्या बायका दारात आल्या. जी बातमी कानातल्या कानात सांगायची, ती एक म्हातारा शेतकरी दवंडी पिटल्यासारखी सांगत होता. सर बाहेर आले, अर्ध्या दाढीला साबण. त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले आणि दोघे नुसते हात हलवत राहिले.

अक्कांनी पुरण घातलं. खापरावरचे मोठाले मांडे वर आले. शैलाने वेगळं ताट काढलं, लांबून सरकवायला. आबांनी ते तिच्या हातून घेतलं, गॅलरीत गेले आणि उज्ज्वलाच्या चटईवर, तिला लागून बसले. मांडा मोडला, तिला भरवला, उरलेला स्वतः खाल्ला.

“आबा, शिवलात की!” शैला म्हणाली.

“शिवू दे,” आबा म्हणाले. “तूप आन.”

त्या दिवसापासून आमच्या घरात कोण शिवलेलं आणि कोण न शिवलेलं, हा हिशोब जो बिघडला तो कायमचा. जाताना आबांनी रावेरच्या स्थळाला नकार कळवल्याचं सांगितलं. “नही म्हनायचं गुरुजींकडून शिकलो.”

“त्यांच्याकडून?” अक्का म्हणाल्या. “ते माझं आहे. त्यांनी फक्त एकदा उसनं नेलं.”

उज्ज्वला चांगल्या वर्गात पास झाली. जळगावला एका शाळेत विज्ञानाची जागा मिळाली, आणि योगायोगाने माझीही बदली तिकडेच झाली. पुढे सर निवृत्त झाले, अक्कांसह मुलाकडे नाशिकला गेले. पत्रं यायची, भेट राहून गेली, आणि मग भेटायला कोणी उरलं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढचे शेवटचे सर धुळ्याच्या एस.टी. स्टँडवरचे आहेत.

आम्हाला पोचवायला ते आणि अक्का आले होते. सामान चढलं, जळगावच्या गाडीत जागा मिळाली, उज्ज्वला खिडकीशी बसली. अक्का खालून शैलाला लोणच्याची बरणी उभी धर म्हणून सांगत होत्या. आणि सर कुठे दिसेनात. बघतो तर ते रसवंतीच्या बाजूला उभे, हातात दोरी, दोरीच्या टोकाला एक दांडगा बोकड. कोणीतरी ‘मास्तर, जरा धरा, आलोच’ म्हणून तिकिटाच्या रांगेत गेला होता. बोकड सारा जोर लावून आमच्या गाडीकडे ओढत होता, आणि सर चपला रोवून मागे रेलले होते.

कंडक्टरने घंटी दिली. उज्ज्वलाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “सर! अहो, सोडा ते! गाडी सुटली!”

सरांना हात हलवायचा होता, पण दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी मान हलवली.

“सोडलं तर पळेल की, वेडे!” ते ओरडले.

गाडी वळेपर्यंत उज्ज्वला हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मागे वळून बघितलं. अक्का सरांपर्यंत पोचल्या होत्या. काहीतरी बोलल्या, बहुतेक नेहमीचंच. मग पदर खोचला आणि दोरीला दुसऱ्या बाजूने त्यांनीही हात लावला.